12.6 शिष्यवृत्त्या आणि तीन हंगाम: जॉन मॅकडॉनेल यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

1972 साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या विद्यापीठात, फेएटव्हिल या डोंगराळ भागातल्या गावी, 34 वर्षांचे एक आयरिश गृहस्थ क्रॉस कंट्रीचे, म्हणजे मोकळ्या रानातून धावण्याच्या लांब शर्यतींचे, प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. 2008 साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या संघांच्या नावावर राष्ट्रीय पातळीवरची 40 सांघिक विजेतेपदे जमा होती: क्रॉस कंट्रीची 11, बंदिस्त मैदानावरील म्हणजे इनडोअर ट्रॅकची 19 आणि खुल्या मैदानावरील आउटडोअर ट्रॅकची 10. अमेरिकेतील विद्यापीठ क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या इतिहासात, कोणत्याही खेळाच्या प्रशिक्षकाने मिळवलेल्या विजेतेपदांत ही संख्या सर्वाधिक मानली जाते. जॉन मॅकडॉनेल यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण या आकड्यांपाशी थांबतात. प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या विद्यापीठाचा सगळा जीव अमेरिकन फुटबॉलमध्ये होता, ज्याच्या हाती धावपटूंना देण्यासाठी मोजक्याच शिष्यवृत्त्या होत्या आणि ज्याला ट्रॅकच्या खेळात राष्ट्रीय पातळीवर फारसे स्थान नव्हते, तिथे लांब पल्ल्याच्या एका प्रशिक्षकाने संपूर्ण ट्रॅक संघ कसा उभा केला, आणि तो उभा करताना कोणत्या गोष्टींना नकार दिला?

मॅकडॉनेल यांचा जन्म 1938 मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यातील क्रॉसमोलिना येथे झाला. तारुण्यात ते अमेरिकेत आले, लुईझियाना राज्यातील लाफाएट येथील विद्यापीठात शिकले आणि तिथे नावाजलेले धावपटू ठरले. पुढे न्यू जर्सीत आणि मग लाफाएटमध्ये त्यांनी शाळकरी मुलांना शिकवले. आर्कान्साला आले तेव्हा विद्यापीठ पातळीवरच्या प्रशिक्षणाचा मोठा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. परदेशातून एकट्याने येऊन शिष्यवृत्तीच्या आधारावर धावत शिकणे म्हणजे काय असते, हे मात्र त्यांना स्वतःच्या जगण्यातून ठाऊक होते, आणि पहिल्या दहा वर्षांत याच ज्ञानाचा त्यांना सर्वाधिक उपयोग झाला.

गुणांचे गणित

हे प्रकरण समजण्यासाठी दोन हिशेब नीट लक्षात घ्यावे लागतात. पहिला हिशेब गुणांचा. क्रॉस कंट्रीच्या शर्यतीत प्रत्येक संघाचे सात धावपटू उतरतात, त्यांपैकी पहिल्या पाचांचे क्रमांक एकत्र मिळवले जातात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. म्हणून एकच असामान्य धावपटू असून भागत नाही; पाचवा गडी कुठे येतो यावर विजेतेपद ठरते. ट्रॅकवरचा हिशेब याच्या उलट चालतो. तिथे प्रत्येक प्रकारातील पहिल्या आठ जणांना अनुक्रमे 10, 8, 6, 5, 4, 3, 2 आणि 1 असे गुण मिळतात, आणि शंभर मीटर धावण्यापासून हातोडाफेकीपर्यंतचे सगळे प्रकार मिळून ज्याची बेरीज सर्वाधिक तो संघ विजयी होतो. इथे खरोखरच्या अव्वल चार-पाच खेळाडूंच्या बळावर विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळू शकते.

दुसरा हिशेब शिष्यवृत्त्यांचा. 1990 च्या दशकापासून पुरुषांच्या क्रॉस कंट्री आणि ट्रॅक या दोन्ही खेळांना मिळून एनसीएएने एका विद्यापीठाला 12.6 शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली होती; त्याआधी ती 14 होती. याच काळात फुटबॉलच्या संघाला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असत. ट्रॅकच्या संघात धावणारे, उड्या मारणारे, फेक करणारे असे तीस-चाळीस जण लागतात, त्यामुळे प्रशिक्षकाला एकेक शिष्यवृत्ती तोडून कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकांपुरती अशी वाटावी लागते. हा अपूर्णांक कसा वाटायचा, हाच अशा प्रशिक्षकाच्या कामाचा गाभा असतो; घड्याळ हातात घेऊन धावमार्गाच्या कडेला उभे राहण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

मॅकडॉनेल यांच्या यशाचे मूळ मला इथे दिसते. लांब पल्ल्याचा धावपटू शरद ऋतूत क्रॉस कंट्री धावतो, हिवाळ्यात इनडोअरला तीन हजार किंवा पाच हजार मीटर धावतो आणि वसंतात आउटडोअरला पाच हजार, दहा हजार किंवा स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची तीन हजार मीटरची शर्यत) धावतो. म्हणजे त्याच्यावर खर्च झालेली एक शिष्यवृत्ती वर्षातून तीन विजेतेपदांच्या कामी येते. थाळीफेक करणारा कितीही गुणी असला तरी त्याचा प्रकार इनडोअरला नसतोच. लांब उडी आणि तिहेरी उडी घेणारा खेळाडू दोन हंगामांत, आणि प्रत्येक हंगामात दोन प्रकारांत गुण मिळवू शकतो. त्यामुळे मर्यादित शिष्यवृत्त्या लांब व मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवर आणि उडीपटूंवर केंद्रित करायच्या आणि फेकीच्या प्रकारांतील गुणांवर बऱ्याच अंशी पाणी सोडायचे, असे धोरण दिसते. मॅकडॉनेल यांनी ते अशा शब्दांत कधी मांडले असेल असा दावा मी करत नाही; त्यांच्या संघांची रचना आणि निकाल पाहिले की ते आपोआप वाचता येते.

रिकामी जागा

त्या काळात आर्कान्सा ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्स या प्रादेशिक गटात खेळत असे, त्यातील बाकीची सगळी विद्यापीठे टेक्सास राज्यातली होती. टेक्सासची परंपरा वेगवान धावांची आणि रिले शर्यतींची. उष्ण हवामान आणि शाळांमधल्या स्पर्धांचे जाळे यांमुळे शंभर, दोनशे, चारशे मीटरचे उत्तम धावपटू तिथे मुबलक मिळत. आर्कान्साने त्याच मैदानात त्यांच्याशी झुंज घेतली असती तर ते कायम मागेच राहिले असते. लांब पल्ल्याची जागा मात्र जवळपास मोकळी होती. फेएटव्हिलच्या आसपासचे ओझार्क डोंगर, चढउतारांचे कच्चे रस्ते आणि टेक्सासच्या मानाने थंड हवा या गोष्टी त्या कामाला अनुकूल होत्या. 1974 मध्ये मॅकडॉनेल यांच्या संघाने गटाची क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकली, आणि त्यानंतर 2007 पर्यंत सलग 34 वर्षे, मधल्या काळात गट बदलूनही, त्यांनी ती एकदाही गमावली नाही.

अमेरिकेतले अव्वल शाळकरी धावपटू या अनोळखी विद्यापीठाकडे फिरकत नव्हते, म्हणून सुरुवातीला त्यांनी आपल्या मायदेशाकडे पाहिले. लिमरिकचा नील ओ'शॉनेसी हा त्या पहिल्या पिढीतला ठळक धावपटू. तो 1976 च्या ऑलिंपिकमध्ये आयर्लंडकडून धावला. त्याच्या मागोमाग लिमरिकचाच फ्रँक ओ'मारा आला, गॉलवेचा पॉल डोनोव्हन आला. 1987 मध्ये इंडियानापोलिस येथे झालेल्या जागतिक इनडोअर स्पर्धेत तीन हजार मीटरच्या शर्यतीत ओ'माराने सुवर्ण आणि डोनोव्हनने रौप्य पदक मिळवले. आयर्लंडचे दोन धावपटू जगात पहिले आणि दुसरे आले, आणि दोघेही एकाच परदेशी विद्यापीठात एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेले होते. ओ'माराने 1991 मध्ये ते जागतिक विजेतेपद पुन्हा मिळवले.

परदेशी खेळाडूंवर शिष्यवृत्ती खर्च करण्यावरून अमेरिकेत तेव्हाही वाद होते आणि आजही आहेत. एल पासो येथील टेक्सास विद्यापीठाने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1980 च्या सुरुवातीला प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून आलेल्या धावपटूंच्या बळावर राष्ट्रीय स्पर्धांवर वर्चस्व गाजवले होते, आणि तो बहर ओसरल्यावर त्या विद्यापीठाला तशी उंची पुन्हा गाठता आली नाही. आर्कान्साचे वेगळेपण असे की आयरिश धावपटूंनी नाव मिळवून दिल्यावर मॅकडॉनेल यांनी त्या नावाचा उपयोग अमेरिकी मुलांना आकर्षित करण्यासाठी केला. मिसूरी राज्यातला जो फाल्कन हा त्यांतला एक. 1990 मध्ये ऑस्लो येथे त्याने एक मैलाची शर्यत 3 मिनिटे 49.31 सेकंदांत जिंकली. पुढच्या काळातही झांबियाचा गॉडफ्री सियामुसिए, ज्याने 1995 आणि 1996 ची राष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यत वैयक्तिक पातळीवर जिंकली, यासारखे परदेशी धावपटू येत राहिले. पण संघाचा कणा त्यांच्या एकट्यांवर उभा नव्हता.

1978 चा निर्णय

1977-78 च्या हंगामापासून मॅकडॉनेल यांच्याकडे संपूर्ण पुरुष ट्रॅक संघाचे प्रमुखपद आले. या प्रकरणातला कळीचा क्षण हाच आहे. तोवर त्यांची जबाबदारी धावण्याच्या एका कोपऱ्यापुरती होती. आता उड्या, फेक, अडथळे, रिले असे सगळेच त्यांच्या अंगावर आले. अशा वेळी लांब पल्ल्याचे प्रशिक्षक साधारणपणे दोन वाटांनी जातात. काही जण आपल्या मुलांचेच लाड करतात आणि बाकीचा संघ नावापुरता ठेवतात. काही जण सगळ्या प्रकारांत थोडेथोडे पैसे टाकतात आणि कुठेच वर येत नाहीत. मॅकडॉनेल यांनी दुसरे एकच क्षेत्र निवडले, ते म्हणजे उड्या, आणि ते डिक बूथ या जाणत्या सहायकाकडे पूर्णपणे सोपवले. स्वतःला ज्यातले कळत नाही त्यात ढवळाढवळ न करणे ही प्रमुखपदावरच्या माणसासाठी अवघड गोष्ट असते. कारण अपयश आले तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

या निवडीचे फळ शिकागोहून आलेल्या माइक कॉन्लीच्या रूपाने दिसले. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याने तिहेरी उडीत रौप्यपदक मिळवले आणि 1992 मध्ये बार्सिलोनात सुवर्ण. 1984 मध्ये आर्कान्साने पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले ते इनडोअरचे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत क्रॉस कंट्री, 1985 च्या हिवाळ्यात पुन्हा इनडोअर आणि त्या उन्हाळ्यात आउटडोअर अशी तिन्ही विजेतेपदे एका शैक्षणिक वर्षात त्यांच्याकडे आली. अमेरिकेत याला तिहेरी मुकुट म्हणतात. मॅकडॉनेल यांनी तो एकूण पाच वेळा मिळवला: 1984-85, मग 1991-92 पासून सलग तीन वर्षे आणि शेवटी 1998-99.

आता निकालांच्या यादीतील एक विसंगती पाहण्यासारखी आहे. 1984 ते 1995 अशी सलग 12 वर्षे इनडोअरचे विजेतेपद आर्कान्साकडे राहिले. आउटडोअरचे मात्र 1985 नंतर थेट 1992 मध्ये मिळाले. संघ तोच, प्रशिक्षक तेच, हंगामांत अंतर जेमतेम तीन महिन्यांचे. मग हा फरक का? माझ्या मते उत्तर पुन्हा गुणांच्या गणितात आहे. इनडोअर स्पर्धेत थाळीफेक, भालाफेक, हातोडाफेक, चारशे मीटर अडथळा हे प्रकार नसतात, त्यामुळे लांब पल्ला आणि उड्या यांचे एकूण गुणांतील वजन वाढते. आउटडोअरला दहा हजार मीटर आणि स्टीपलचेस यांची भर पडते खरी, पण फेकीच्या प्रकारांतले आणि छोट्या पल्ल्यांचे गुण दुसऱ्या संघांकडे जातात. आर्कान्साची दोन बलस्थाने इनडोअरला पुरेशी होती, आउटडोअरला थोडी कमी पडत होती.

1992 पासून 1999 पर्यंत सलग आठ वर्षे आउटडोअरचेही विजेतेपद मिळाले, कारण त्या दोन बलस्थानांची खोली वाढली आणि त्यांच्या जोडीला तिसरेही आकार घेऊ लागले. उड्यांमध्ये एरिक वॉल्डरने एकट्याने दहा राष्ट्रीय वैयक्तिक विजेतेपदे मिळवली. एप्रिल 1994 मध्ये एल पासो येथे त्याने 8.74 मीटरची लांब उडी घेतली, जी जगाच्या सार्वकालिक यादीतही फार वरची आहे. बर्म्युडाचा ब्रायन वेलमन तिहेरी उडीत पुढे जागतिक इनडोअर विजेता झाला. 1994 च्या इनडोअर राष्ट्रीय स्पर्धेत संघाने 94 गुण मिळवले. चारशे मीटरमध्येही हालचाल सुरू झाली होती: आर्कान्सात घडलेल्या कॅल्विन डेव्हिसने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यात कांस्यपदक मिळवले.

एका धावपटूचे उदाहरण

शिष्यवृत्त्यांच्या हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे ज्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही असा मुलगा ओळखणे. डॅनियल लिंकन हा आर्कान्सा राज्यातल्याच आर्काडेल्फिया या छोट्या गावचा. शाळेत असताना राष्ट्रीय पातळीवर त्याचे नाव नव्हते. 2001, 2002 आणि 2003 अशी सलग तीन वर्षे त्याने राष्ट्रीय स्टीपलचेस जिंकली, आणि 2003 मध्ये तर त्याच स्पर्धेत दहा हजार मीटरही जिंकले. त्याच्या एकट्याच्या 20 गुणांचे त्या वर्षीच्या आउटडोअर विजेतेपदात मोठे मोल होते. 2006 मध्ये रोम येथे त्याने 8 मिनिटे 8.82 सेकंद अशी वेळ नोंदवून अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम केला. मराठी वाचकाला या वेळेचे मोल कळण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे: बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये केलेला भारताचा राष्ट्रीय विक्रम 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा आहे. लिंकनने धावतानाच वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे, कारण अभ्यास आणि सराव यांतले एक निवडायला भाग पाडणारा प्रशिक्षक असता तर हा धावपटू कदाचित दुसऱ्या वर्षीच सुटला असता.

साबळे यांची घडण सैन्यात झाली, विद्यापीठात नव्हे, आणि आपल्याकडचे बहुतेक लांब पल्ल्याचे धावपटू सैन्य, रेल्वे किंवा पोलीस दलाच्या आधाराने टिकतात. अमेरिकी विद्यापीठांच्या वाटेने गेलेले भारतीय मोजके आहेत. थाळीफेकीतील विकास गौडा आणि उंच उडीतील तेजस्विन शंकर हे त्यांतले अलीकडचे, आणि दोघांनीही आपापल्या प्रकारात एनसीएएचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले आहे. त्या व्यवस्थेत आणि आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत मला सर्वांत मोठा फरक दिसतो तो पैशाचा नव्हे, प्रशिक्षकाच्या मुदतीचा. मॅकडॉनेल एका जागी 36 वर्षे राहिले आणि त्या काळातील बहुतांश वर्षे विद्यापीठाचे क्रीडा संचालक फ्रँक ब्रॉइल्स हेच होते. ब्रॉइल्स मूळचे फुटबॉलचे प्रशिक्षक, तरीही ट्रॅकच्या संघाला त्यांनी वाढू दिले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद यायला 12 वर्षे लागली, हे विसरता कामा नये. दर 11 महिन्यांनी करार नव्याने लिहून घेणाऱ्या महाविद्यालयात ते 12 वे वर्ष कधी उजाडतच नाही.

42 वरून 40

या प्रकरणाचा एक भाग कटू आहे आणि तो वगळून लिहिणे अप्रामाणिक ठरेल. 2000 नंतर आर्कान्साने वेगवान धावांमध्ये जोरदार प्रवेश केला. 2004 मध्ये टायसन गेने राष्ट्रीय स्पर्धेत शंभर मीटर जिंकले, वॉलेस स्पिअरमनने 2004 आणि 2005 मध्ये दोनशे मीटर जिंकले, आणि दोन्ही वर्षी आउटडोअरचे सांघिक विजेतेपद आर्कान्साला मिळाले. पुढे एका सहायक प्रशिक्षकाने एका धावपटूला नियमबाह्य मदत केल्याचे उघड झाले आणि एनसीएएने 2007 मध्ये ती दोन्ही विजेतेपदे रद्द केली. तोपर्यंत 42 मानली जाणारी संख्या 40 वर आली.

हा दोष केवळ एका व्यक्तीच्या वर्तनाचा म्हणून बाजूला ठेवता येईल, पण अभ्यासक म्हणून मला त्यात रचनेचा प्रश्नही दिसतो. लांब पल्ल्याचे धावपटू चार-पाच वर्षे मॅकडॉनेल यांच्या नजरेसमोर रोज असत; उड्यांचा भाग दीर्घकाळ एका विश्वासू माणसाकडे होता. वेगवान धावांचा विभाग तुलनेने नवा होता, आणि त्यात दोन वर्षांच्या महाविद्यालयांतून आलेले खेळाडू व त्यांच्याबरोबर आलेली माणसे होती. सहायकाला पूर्ण मोकळीक देण्याची जी पद्धत बूथ यांच्या बाबतीत वरदान ठरली, तीच इथे देखरेखीतील पोकळी ठरली असावी. प्रमुख प्रशिक्षकाची जबाबदारी अशा वेळी संपत नाही. शेवटी पुसली गेलेली विजेतेपदे त्यांच्याच खात्यातून गेली, आणि ज्या मुलांनी कोणताही नियम न मोडता त्या दोन वर्षांत गुण मिळवले होते, त्यांचीही पदके त्याबरोबर निरर्थक झाली. त्या मुलांविषयी या चर्चेत फारच कमी बोलले जाते, याची मला खंत वाटते.

त्यानंतर

मॅकडॉनेल 2008 मध्ये निवृत्त झाले. विद्यापीठाचे आउटडोअर मैदान त्याआधीच त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले होते. कारकिर्दीच्या काळातही ते जनावरांचे मोठे खिल्लार बाळगून होते आणि मेयोमधल्या शेतकरी घरातून आलेल्या या माणसाने तो व्यवसाय मनापासून केला. जून 2021 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची जागा घेणाऱ्या क्रिस बकनम यांनी संघाला राष्ट्रीय स्पर्धेत टिकवून ठेवले आणि विजेतेपदेही मिळवून दिली, पण तिन्ही हंगामांवरची ती एकहाती पकड पुन्हा दिसली नाही. याचे एक कारण इतर विद्यापीठांनीही तोच हिशेब शिकून घेतला हे आहे: कुठल्या प्रकारांत शिष्यवृत्ती टाकली की सर्वाधिक गुण परत येतात, याचा विचार आता प्रत्येक मोठा संघ करतो. आता तर नियमही बदलले आहेत. 2025-26 च्या हंगामापासून, नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी, 12.6 ची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. ज्या विद्यापीठाकडे पैसा आहे ते आता संघातल्या प्रत्येकाला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकते, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या प्रशिक्षकाला अजूनही अर्धी आणि पाव यांचाच हिशेब मांडावा लागतो. फरक इतकाच की 1978 मध्ये तो हिशेब सगळ्यांसाठी सारखा होता.